नावेच्या यंत्रांतील रबरी चक्र

इंदापूर तालुक्याच्या उत्तरेस आणि पूर्वेस भीमा, दक्षिणेस नीरा, आणि ह्या दोघी जेथें मिळतात तें नरसिंहपूर हें तालुक्याचें अगदीं आग्नेय टोंक. असा हा दोन नद्यांच्या कुशींतला मुलूख. पण नौकानयनाचा इतिहास लिहिणार्‍यानें दखल घ्यावी असें येथें पूर्वीं कांहीं नव्हतें. पावसाळ्यांत नदी दुथडी भरली म्हणजे भोई आणि कोळी नावेनें उतारू पार करीत. चैत्र-वैशाखांत तेंच पात्र गुरें पायीं ओलांडीत. वल्हें आणि बांबू ह्यांपलीकडे कोणत्याहि साधनाची गरज कोणास भासली नाहीं.

१९८० सालीं उजनीचें धरण पुरें झालें आणि हें चित्र पालटलें. सुमारें अडीच किलोमीटर लांबीची भिंत आणि तिच्यामागें सुमारें ११७ अब्ज घनफूट पाणी. वैशाखांत पाणी उतरलें म्हणजे पळसदेव येथील जुनें पळसनाथाचें देऊळ शिखरापासून वर येऊं लागतें आणि लोक तें पाहावयास जातात. एरवीं त्या जागीं होड्या फिरतात. जेथें नदीचें वाळवंट होतें तेथें आतां जलाशय पसरला आहे. इंदापूर तालुक्यांतील कळाशी आणि पैलतीरीं करमाळा तालुक्यांतील कुगांव हीं अशीं समोरासमोरचीं गांवें. रस्त्यानें जावयाचें तर मोठा वळसा. पाण्यावरून गेलें तर थोडक्यांत काम. मासे धरणारे, भिगवणच्या बाजूस हिवाळ्यांत रोहित पक्षी दाखविणारे, आणि उतारूंची ने-आण करणारे असे धंदे ह्या पाण्यावर उभे राहिले, आणि वल्ह्याच्या जोडीला यंत्र आलें.

ह्या यंत्रांपैकीं नावेच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवावयाचें जें यंत्र, ज्यास आउटबोर्ड मोटर म्हणतात, त्याच्या पोटांत तळहातावर मावेल एवढें एक रबरी चक्र असतें. त्याचें नांव इंपेलर. तें दर एक-दोन वर्षांनीं बदलावें लागतें. आजच्या भाषणाचा विषय तें चक्र हा आहे. विषय क्षुल्लक वाटेल. पण आमच्या भागांत पाणी उचलण्याचीं जीं साधनें गेल्या दीडशें वर्षांत आलीं आणि गेलीं, त्यांचा इतिहास ह्या चक्रापाशीं येऊन चमत्कारिक रीतीनें अडखळतो असें मला वाटतें.

आरंभ मोटेपासून करूं. विहिरीवर चालणारी मोट मीं लहानपणीं पाहिली आहे. माझ्यामागून आलेल्यांनीं ती बहुधा चित्रांतच पाहिली असेल. चामड्याची मोट, तिची सोंड, जाड नाडा, बारीक सोल, बैलांच्या जाण्यायेण्याची उतरती धांव आणि पाणी पडण्याचें थारोळें, असा तो सगळा संसार. त्यांत लोखंड थोडें. भार सगळा चामड्यावर. चामडें कुजतें, फाटतें, वाळलें कीं तडकतें, हें कोणास सांगावें लागत नसे. म्हणून गांवचा चांभार मोट शिवून देई, तिला तेल पाजी, आणि त्याबद्दल सुगीच्या वेळीं खळ्यावर आपलें बलुतें नेई. त्या व्यवस्थेंतील अन्याय मला ठाऊक आहेत आणि तिचे गोडवे गाण्याचा माझा विचार नाहीं. येथें सांगावयाचें तें इतकेंच कीं, नाशवंत वस्तु नाशवंत म्हणून ओळखून तिची वर्षाची तजवीज आगाऊ केलेली असे. मोट फाटेपर्यंत कोणी वाट पाहत बसत नसे, कारण मोट फाटली तर उभें पीक जळे.

१८८५ सालीं नीरेचा डावा कालवा सुरू झाला. बारामती-इंदापूरच्या कांहीं भागास पाटाचें पाणी मिळालें आणि पुढें उंसाचे फड उभे राहिले. परंतु पाणी उताराकडे जातें. कालव्याच्या वरच्या अंगाच्या जमिनींस तें उचलल्यावांचून गत्यंतर नव्हतें. तें काम करण्यास पंप आला. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यानें १९२६ च्या सुमारास सेंट्रिफ्यूगल पंप तयार करण्यास आरंभ केला, आणि १९४६ सालीं पुण्यालगत खडकी येथें किर्लोस्कर ऑइल एंजिन्स ही कंपनी निघाली. एंजिन आणि पंप हीं जोडी नदीकांठीं व विहिरींवर बसूं लागली, आणि मोटेचें चामडें गोठ्याच्या खुंटीवर गेलें.

ह्या पंपाच्या पोटांतहि एक चक्र असतें; आमच्याकडे त्यास सरळ पंखा म्हणतात. ओतीव लोखंडाचा हा पंखा गोल घरांत वेगानें फिरतो, मध्यभागीं आलेलें पाणी कडेकडे भिरकावतो, आणि त्या जोरानें पाणी वर चढतें. गोफणींतला दगड जसा सुटतो तसाच हा प्रकार. १८५१ सालीं लंडनच्या मोठ्या प्रदर्शनांत जॉन अ‍ॅपोल्ड ह्यानें वांकड्या पात्यांचा पंप मांडला. सरळ पात्यांपेक्षां वांकडीं पातीं दुपटीहून अधिक काम देतात हें तेथें मापून सिद्ध झालें, आणि तेव्हांपासून ह्या जातीच्या पंपाचें जगांत बस्तान बसलें. त्याचा एक विशेष ध्यानांत ठेवावा. पंखा फिरतो, पण तो घराच्या भिंतीला घासून फिरत नाहीं. मध्यें थोडी फट असते. म्हणून तो वर्षानुवर्षें टिकतो. उलट त्या फटीमुळेंच तो रिकामा असतां पाणी ओढूं शकत नाहीं. आधीं त्याच्या पोटांत पाणी भरावें लागतें. पहांटेच्या अंधारांत घागरीनें पंपांत पाणी ओतणारा शेतकरी पाहिला नाहीं असा माणूस आमच्या तालुक्यांत विरळा.

ह्या लोखंडी पंपानें आमच्या लोकांना यंत्राचें पहिलें शिक्षण दिलें, आणि तें शिक्षण दुरुस्तीचें होतें. पंखा झिजला तर भरून घ्यावा, दांडा लेथवर घासून घ्यावा, फुटव्हॉल्व्हचा गाळ काढावा, गळूं लागला तर पॅकिंगची दोरी भरावी. बारामतीच्या पेठेंत अशीं दुकानें आहेत कीं जेथें टाकून दिलेला पंप जिवंत होऊन बाहेर पडतो. ह्या कसबाविषयीं मला अभिमान आहे. परंतु त्याबरोबर एक समजूत रुजली कीं, यंत्र म्हटलें म्हणजे तें बंद पडल्यावर दुरुस्त करावयाची वस्तु. मोटेच्या वेळचा उलटा धडा, म्हणजे बंद पडण्यापूर्वींच बदलावयाचा, विसरला गेला.

आतां नावेच्या यंत्राकडे वळूं. नावेच्या मागें बाहेरून यंत्र अडकवावें ही कल्पना जुनी आहे. १८८१ सालीं पॅरिस येथें गुस्ताव त्रूव्हे ह्यानें सीन नदींत विजेवर चालणारें असें यंत्र एका होडीस लावून दाखविलें. पेट्रोलवर चालणारें यंत्र अमेरिकेंत कॅमेरन वॉटरमन ह्यानें तयार केलें आणि १९०७ सालीं त्याचें पेटंट मिळविलें. पण ह्या यंत्रास घरोघर नेलें तें ओल एव्हिनरूड ह्या नॉर्वेंत जन्मलेल्या कारागिरानें. उन्हाळ्याच्या दिवसांत तळ्यापलीकडून प्रेयसीसाठीं आइस्क्रीम आणावयास हा वल्हीं मारीत गेला, आणि परत येईपर्यंत आइस्क्रीमचें पाणी झालें, तेव्हां त्यास यंत्राची कल्पना सुचली, अशी गोष्ट सांगतात. १९०९ सालीं त्याचें दीड अश्वशक्तीचें यंत्र बाजारांत आलें. शोधामागें प्रेमकथा असली कीं ती लवकर पसरते. ह्या यंत्राच्या पोटांतील पंपामागें तशी कथा नाहीं, म्हणून त्याची आठवण कोणी ठेवीत नाहीं.

वास्तविक सगळें त्या पंपावर अवलंबून. पेट्रोलचा स्फोट सिलिंडरांत सेकंदास कितीदां तरी होतो. ती उष्णता काढून न नेल्यास दट्ट्या फुगून सिलिंडरांत जखडतो आणि यंत्राचा दगड होतो. मोटारगाडीला ह्यासाठीं रेडिएटर लावतात. नावेला त्याची गरज नाहीं, खालीं सगळें पाणीच आहे. तेंच वर ओढून सिलिंडरांभोंवतीं फिरवून पुन्हां सोडून दिलें म्हणजे झालें. प्रश्न एवढाच कीं ओढावें कशानें? आरंभीच्या यंत्रांत पितळी दट्ट्याचे लहान पंप असत. त्यांच्या झडपांत वाळूचा एक कण अडकला कीं पाणी थांबे. मग सेंट्रिफ्यूगल पंखा कां लावूं नये? त्यांत अडचण अशी कीं, त्या पंख्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो आणि घटतो. वेग निम्मा झाला तर दाब चौथ्या हिश्श्यावर येतो. जाळें टाकतांना किंवा धक्क्याला लागतांना नाव हळू चालते. नेमक्या त्याच वेळीं पाणी वर चढेनासें होई आणि यंत्र तापे.

ह्या पेंचांतून सुटका केली रबरानें. साधें रबर तेलानें फुगतें व लवकर बिघडतें. १९३० सालीं अमेरिकेंतील ड्यू पाँट कंपनीच्या प्रयोगशाळेंत निओप्रीन हें कृत्रिम रबर तयार झालें; तेल, उष्णता व हवा ह्यांना तें साध्या रबरापेक्षां पुष्कळ अधिक तोंड देतें. पुढील कांहीं दशकांत लवचीक पात्यांचें चक्र आउटबोर्ड यंत्रांत सर्रास झालें. त्याची रचना पाहण्यासारखी आहे. मध्यें एक तुंबा, त्याच्याभोंवतीं सहा किंवा अधिक रबरी पातीं. पण हें चक्र ज्या घरांत बसवितात त्या घराचा मध्य आणि दांड्याचा मध्य एक नसतो. त्यामुळें एका बाजूस घर अरुंद व दुसर्‍या बाजूस रुंद होतें. अरुंद बाजूस येतांच पातें दुमडतें, रुंद बाजूस गेलें कीं पसरतें. आषाढी वारीची दिंडी अरुंद पुलावर अंग चोरून जाते आणि पुढें बेलवाडीच्या रिंगणाच्या माळावर ऐसपैस पसरते, तसें. पसरतांना दोन पात्यांमधील जागा वाढते आणि पाणी आंत ओढलें जातें. दुमडतांना तेंच पाणी वर रेटलें जातें. पातीं भिंतीला चिकटून असल्यामुळें फट नाहीं, आणि म्हणून अगदीं मंद गतींतहि पाणी चढतें. आणि गंमत ही कीं वेग फार वाढला म्हणजे पाण्याच्या दाबानें पातीं भिंतीपासून सुटतात आणि हेंच चक्र सेंट्रिफ्यूगल पंख्यासारखें काम करूं लागतें. एकाच वस्तूनें दोन्ही पंपांचे गुण घेतले. वाळूचा कण आला तर रबर त्यास वाट देतें.

मात्र ह्या सगळ्याची किंमत रबरानें भरावयाची असते. पातीं भिंतीला घासतात, म्हणून झिजतात. महिनोन्‌महिने यंत्र पडून राहिलें तर दुमडलेलें पातें दुमडलेलेंच कडक होतें. पाण्याशिवाय यंत्र चालविलें तर वंगण म्हणून असलेलें पाणी नाहींसें होतें आणि थोड्याच सेकंदांत रबर करपूं लागतें. उजनीचें पाणी ह्या बाबतींत फार कठोर आहे. उन्हाळ्यांत पाणी उथळ होतें आणि पंप गाळ ओढतो. शिवाय वरच्या शहरांच्या सांडपाण्यावर पोसलेली जलपर्णी यंत्राच्या जाळीवर बसून पाण्याची वाटच बंद करते. यंत्र करणारांनीं लोखंड आणि सिलिंडर वांचावेत म्हणून हें एक स्वस्त चक्र जाणून-बुजून झिजण्यासाठीं दिलेलें आहे. म्हणजे मोटेचें चामडें रबराच्या रूपानें परत आलें. मात्र त्याची तजवीज करणारा बलुतेदार परत आला नाहीं.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे असें एक यंत्र आहे. १९७० नंतरच्या दशकांतलें, अमेरिकन बनावटीचें, दोन सिलिंडरांचें. मुंबईहून वापरलेलें म्हणून त्यानें आणलें. हा विद्यार्थी शाळेंत भूमितींत कच्चा होता, पण हाताचा पक्का. गेल्या उन्हाळ्यांत तो चार माणसें घेऊन पाण्यावर असतां यंत्राच्या मागून पडणारी पाण्याची धार बारीक झाली, मग थांबली. रंग करपल्याचा वास आला. त्यानें तात्काळ यंत्र बंद केलें आणि वल्हीं मारीत तीर गांठला. वारा पडलेला होता म्हणून तें जमलें. पंप उघडून पाहतां चक्राचीं तीन पातीं तुटलेलीं निघालीं. तो तें चक्र घेऊन पंपदुरुस्तीच्या एका दुकानांत गेला. तेथील मिस्त्री मोठा कसबी. त्यानें चक्र हातांत फिरवून सांगितलें कीं, रबर कशाला, मी गनमेटलमध्यें ओतून देतों, जन्मभर पाहावें लागणार नाहीं. ही सूचना करणारा माणूस मूर्ख नव्हता. पन्नास वर्षें लोखंडी पंख्यानें जें शिकविलें तेंच तो बोलत होता. परंतु धातूचें पातें दुमडत नाहीं. मध्य ढळलेल्या घरांत तें एक फेराहि पुरा करणार नाहीं, आणि पातीं आंखूड करून फट ठेवावी तर मंद गतींत पाणी चढणार नाहीं. कोणी टायरच्या रबराचें चक्र कापून वापरतात असेंहि मीं ऐकलें. टायरमधील धागे आणि त्याचा कडकपणा पाहतां तें घर मात्र खरवडून काढील.

२१ मे २०२४ च्या सायंकाळीं कुगांवहून कळाशीकडे येणारी उतारूंची बोट वादळी वार्‍यांत सांपडून उलटली आणि सहा माणसें बुडालीं. एक पोहून तीरास लागला. त्या दुर्घटनेचें कारण वारा हें होतें. तिचा संबंध मी रबरी चक्राशीं जोडीत नाहीं. पण ज्यानें हें पाणी पाहिलें आहे त्यास एक गोष्ट सांगावी लागत नाहीं. वळवाच्या वार्‍यांत नावेचें तोंड लाटेकडे ठेवतां आलें तर ती तरते. यंत्र थांबलें कीं ती आडवी होते, आणि आडव्या नावेंत लाट शिरते. वार्‍यावर कोणाचा ताबा नाहीं. चक्रावर आहे. अशा प्रसंगीं राष्ट्रीय आपत्ति प्रतिसाद दलाचे जवान ज्या फुगविलेल्या रबरी बोटी घेऊन शोधास येतात, त्यांच्या मागेंहि हींच आउटबोर्ड यंत्रें लावलेलीं असतात.

नवें चक्र मिळालें का, असें श्रोते विचारतील. मिळालें, आणि हीहि एक ऐतिहासिक मौज आहे. एव्हिनरूड आणि जॉन्सन हीं दोन जुनीं नांवें १९३६ सालीं एका कंपनीखालीं आलीं. ती कंपनी २००० सालीं दिवाळखोरींत निघाली, आणि एव्हिनरूड यंत्रांची निपज २०२० सालीं कायमची थांबली. यंत्रें करणारे गेले, पण जगांत त्यांचीं जुनीं यंत्रें इतकीं चालूं आहेत कीं त्यांचीं रबरी चक्रें दुसरे कारखाने अजून काढतात. यंत्राच्या पाटीवरचा क्रमांक कळविला कीं नेमकें चक्र येतें. तसें तें माझ्या विद्यार्थ्याच्या यंत्रासहि आलें.

तें बसवितांना मी भिगवणच्या अलीकडे कांठावर बसून सगळें पाहिलें. प्रथम त्यानें स्पार्कप्लगच्या तारा काढल्या, म्हणजे प्रॉपेलर हातानें फिरला तरी यंत्र चुकून सुरू होऊं नये. मग खालच्या भागाचे बोल्ट सोडून तो भाग उभ्या दांड्यासह खालीं ओढून घेतला. दांड्यावर पंपाचें घर होतें, चार स्क्रूंनीं आंवळलेलें. तें वर सरकवतांच फाटकें चक्र दिसलें. दांड्यांत एक बारीक चावी असते, तिच्यामुळें चक्र दांड्याबरोबर फिरतें. ती गवतांत पडली तर दिवस गेला म्हणून त्यानें ती प्रथम डबींत टाकली. नंतर घराच्या आंतल्या भिंतीवर आणि खालच्या पत्र्यावर नख फिरवून चरे पडले आहेत का तें पाहिलें. नवें चक्र साबणाच्या पाण्यानें ओलें करून, घर वरून दाबीत आणि दांडा घड्याळाच्या कांट्यांच्या दिशेनें फिरवीत, सगळीं पातीं एकाच बाजूस वळलेलीं अशीं आंत बसविलीं. उलट दिशेनें फिरविलें तर तीं उलटीं दुमडतात आणि नवें चक्र पहिल्याच दिवशीं मोडतें. गॅस्केट जुनी वापरली नाहीं.

पण त्याचा अधिक वेळ गेला तो दुसर्‍याच कामांत. जुन्या चक्राचीं तीन पातीं तुटलीं होतीं आणि घरांत सांपडले दोनच तुकडे. तिसरा पाण्याबरोबर वर गेला असला पाहिजे, आणि तो कोठें अडकला तर नव्या चक्रानेंहि पाणी चढणार नाहीं. घाई करणारा मनुष्य येथें यंत्र जुळवून मोकळा झाला असता. ह्यानें पाणी नेणारी तांब्याची नळी सोडली, तारेनें आणि हवेनें ती साफ केली. सिलिंडरच्या डोक्याचें झांकण उघडलें, तेव्हां तेथील वळणावर नखाएवढा काळा तुकडा मिळाला. तो त्यानें जुन्या चक्राशीं जुळवून पाहिला आणि मगच पुढचें काम हातीं घेतलें.

शेवटीं पाण्यानें भरलेल्या पिंपांत यंत्राचा पाय बुडवून दोरी ओढली. दहा-पंधरा सेकंद नुसता धूर. मग धार आली, आधीं तुटक, नंतर सरळ. हात लावून पाहिला तों पाणी कोमट. आतां त्यानें दिवस नेमला आहे. धरण भरलेलें असतें, पक्ष्यांचा हंगाम पुढें असतो, आणि खंडेनवमीला हत्यारें घांसून-पुसून मांडावयाचींच असतात. म्हणून चक्र बदलावयाचें तें खंडेनवमीच्या आदल्या दिवशीं, जुनें धड असलें तरी. यंत्राच्या झांकणाच्या आंतल्या बाजूस त्यानें पांढर्‍या रंगानें चक्राचा क्रमांक लिहिला आहे, त्याच्या खालीं साल, आणि पुढच्या सालांसाठीं जागा रिकामी ठेविली आहे.